आयर्लंडचं संविधान आणि कॅथलिक संघटन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मार्गदर्शक तत्त्वं कुठून घेतली? आयर्लंडकडून.’ भारतीय संविधान शिकताना स्पर्धा परीक्षेच्या वर्गात हे एका ओळीचं उत्तर पाठ होतं आणि विषय तिथेच मिटतो. पण काही विद्यार्थी पुढचं विचारतातच: मग आयर्लंडने ती कुठून आणली? याचा माग काढत गेलं की आपण पोपच्या परिपत्रकांपर्यंत आणि त्यांच्यासाठी झटणाऱ्या कॅथलिक संघटनांपर्यंत पोचतो. शिवाय आयर्लंडमध्ये गर्भपात नाकारला गेल्यावर मृत्यू पावलेल्या बेळगावच्या सविता हलप्पनवार आणि मालवण तालुक्यातल्या वराड गावाशी नातं असलेले तिथले माजी पंतप्रधान लिओ वराडकर ही नावं बातम्यांत वाचून अनेकांनी प्रश्न पाठवले. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आयर्लंडचं संविधान नेमकं कोणतं, १९२२ चं की १९३७ चं?

आज लागू आहे ते १९३७ चं. १९२२ चं संविधान ब्रिटनशी झालेल्या करारातून आलं होतं. त्यात ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ होती. धर्माच्या बाबतीत ते अगदी मोजकं बोलायचं: उपासनेचं स्वातंत्र्य, आणि राज्याने कोणत्याही धर्माला देणगी द्यायची नाही. कराराला विरोध करणारे एमन डी व्हॅलेरा १९३२ मध्ये सत्तेवर आले. त्यांनी आधीचं संविधान एकेक कलम काढत पोखरलं आणि शेवटी नवंच लिहून घेतलं. डॉल म्हणजे तिथल्या कनिष्ठ सभागृहाने ते १४ जून १९३७ ला मंजूर केलं, १ जुलैला सार्वमत झालं आणि २९ डिसेंबरपासून ते लागू झालं. सार्वमतात बाजूने ६,८५,१०५ आणि विरोधात ५,२६,९४५ मतं पडली. म्हणजे देशाने ते डोक्यावर घेतलं असं नाही. त्याच दिवशी सार्वत्रिक निवडणूकही होती, त्यामुळे अनेकांनी पक्ष बघूनच शिक्का मारला.

२. त्यात कॅथलिक चर्चला राज्याचं अधिकृत चर्च केलं होतं का?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त दिसतो. १९३७ च्या कलम ४४ मध्ये कॅथलिक चर्चला ‘विशेष स्थान’ मान्य केलं होतं, पण त्याच कलमात विवेकस्वातंत्र्य होतं, धर्मावरून भेदभावाला बंदी होती आणि कोणत्याही धर्माला राज्याने देणगी देण्यालाही बंदी होती. आयरिश कॅथलिकांना राज्याचं अधिकृत चर्च ही कल्पना मुळातच कडू होती, कारण त्यांनी ते दुसऱ्याचं सोसलं होतं. लोकसंख्येत अल्पसंख्य असलेलं अँग्लिकन (प्रोटेस्टंट) ‘चर्च ऑफ आयर्लंड’ हे १८७१ पर्यंत अधिकृत होतं आणि बहुसंख्य कॅथलिक शेतकऱ्यांनी त्याच्यासाठी वर्षानुवर्षं करही भरला होता. ‘विशेष स्थान’ या शब्दांमागची कहाणी प्रश्न ५ मध्ये आहे.

३. जर्मनीत कॅथलिकांचा स्वतंत्र पक्ष होता. आयर्लंडमध्ये तसा होता का?

नव्हता, कारण गरजच नव्हती. जर्मनीत कॅथलिक अल्पसंख्य होते, म्हणून त्यांना ‘झेंट्रुम’ हा पक्ष लागला. आयर्लंडच्या २६ परगण्यांत, म्हणजे ब्रिटनपासून वेगळ्या झालेल्या भागात, दहापैकी नऊहून जास्त लोक कॅथलिक होते आणि दोन्ही मोठ्या पक्षांचे नेते रविवारी चर्चमध्ये एकाच मिस्साला (उपासनेला) बसत. त्यामुळे संघटन झालं ते पक्षाबाहेर: धर्मग्रामांत, शाळांत, अभ्यासमंडळांत. १९२१ मध्ये ‘लीजन ऑफ मेरी’ हे सामान्य कॅथलिकांचं संघटन सुरू झालं. १९२६ मध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे फादर एडवर्ड केहिल यांनी ‘अन रीअख्त’ ही संस्था काढली. ख्रिस्ताचं राज्य सामाजिक जीवनात आणायचं, असा तिचा उघड कार्यक्रम होता. ‘नाइट्स ऑफ सेंट कोलंबानस’ ही व्यापारी आणि व्यावसायिकांची संघटना पडद्याआड वजन वापरायची. जून १९३२ मध्ये डब्लिनला भरलेल्या कॅथलिकांच्या आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेच्या शेवटच्या मिस्साला फीनिक्स पार्कात सुमारे दहा लाख लोक आले होते.

कायदेही आधीच त्या दिशेला वळले होते. १९२५ मध्ये संसदेतून खासगी विधेयकाने घटस्फोट मिळवण्याची वाट बंद झाली, १९२९ मध्ये पुस्तकांवर सेन्सॉरशिप आली, १९३५ मध्ये गर्भनिरोधकांच्या विक्रीवर बंदी आली. यातले पहिले दोन निर्णय डी व्हॅलेरांच्या विरोधकांच्या काळातले आहेत. त्यामुळे सगळ्याचं खापर एकट्या डी व्हॅलेरांवर फोडणं बरोबर नाही.

४. संविधानाचा मसुदा पाद्रींनी लिहिला, हे खरं आहे का?

अर्धं खरं. मसुद्याचे मुख्य शिल्पकार होते जॉन हर्न, परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार. संसद, न्यायालयं, राष्ट्रपतिपद, न्यायालयीन पुनर्विलोकन हा सगळा सांगाडा त्यांचा आणि त्यांच्या सहकारी अधिकाऱ्यांचा.

कुटुंब, शिक्षण, मालमत्ता, धर्म या प्रकरणांत मात्र पाद्रींचा हात स्पष्ट दिसतो. १९३६ च्या शरद ऋतूत केहिल यांनी डी व्हॅलेरांना आपल्या सूचना पाठवल्या. पाठोपाठ जेझुइटांनी एक छोटी समिती नेमली आणि प्रास्ताविकेसह काही कलमांचा तयार मसुदाच धाडला. पोलंडचं १९२१ चं संविधान त्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

त्याहून मोठा वाटा फादर जॉन चार्ल्स मॅक्वेड यांचा. ते डब्लिनच्या ब्लॅकरॉक कॉलेजचे प्रमुख होते. डी व्हॅलेरा स्वतः त्याच संस्थेत शिकले होते, त्यांची मुलंही तिथेच होती, आणि मॅक्वेड यांचं त्यांच्या घरी जाणंयेणं होतं. १९३७ च्या वसंतात मॅक्वेड जवळपास रोज टिपणं पाठवत होते. त्यांत पोपच्या परिपत्रकांतले उतारे, कलमांची पर्यायी वाक्यं, एखाद्या शब्दावरचा आक्षेप असं सगळं असायचं. ही टिपणं अधिकाऱ्यांच्या टेबलावर यायची आणि तिथे बरीच काटछाट व्हायची. मॅक्वेड यांना हवं होतं तेवढं काही मिळालं नाही, पण कलम ४१ ते ४५ मधल्या कितीतरी वाक्यांची ठेवण त्यांचीच आहे. पुढे १९४० मध्ये ते डब्लिनचे आर्चबिशप झाले आणि १९७२ पर्यंत त्या पदावर होते.

मला यातला लक्षात ठेवावासा मुद्दा वाटतो तो असा: हा प्रभाव मोर्चे काढून आलेला नाही. वेळेवर पोचलेल्या, वापरायला तयार मजकुरामुळे तो आला. ज्याच्याकडे लिहिलेलं कलम होतं, त्याचं कलम आत गेलं.

५. ‘विशेष स्थान’ हे शब्द आले कुठून? सगळे धर्मगुरू त्यावर खूश होते का?

कुणीच पुरतं खूश नव्हतं. सुरुवातीच्या मसुद्यात कॅथलिक चर्च हेच ख्रिस्ताने स्थापलेलं खरं चर्च आहे, अशा अर्थाचं कलम होतं. मॅक्वेड आणि आर्माचे कार्डिनल जोसेफ मॅकरोरी यांना तेच हवं होतं. असं कलम घातलं तर प्रोटेस्टंट नागरिक दुखावतील आणि ब्रिटनकडे राहिलेल्या उत्तर आयर्लंडशी एकीकरणाची आशा मावळेल, हे डी व्हॅलेरांना कळत होतं. म्हणून त्यांनी पोपच्या राजदूतांशी, चर्च ऑफ आयर्लंडचे आर्चबिशप जॉन ग्रेग यांच्याशी, प्रेस्बिटेरियन आणि मेथडिस्ट प्रमुखांशी बोलणी केली. शेवटी ठरलेलं वाक्य असं: बहुसंख्य नागरिकांच्या श्रद्धेचं रक्षक म्हणून कॅथलिक चर्चचं विशेष स्थान राज्य मान्य करतं. इथे ‘सत्य’ गळलं आणि त्याच्या जागी लोकसंख्या आली. पोलंडच्या १९२१ च्या संविधानाने हाच मार्ग घेतला होता.

मॅकरोरी नाराज झाले. ‘चर्च ऑफ आयर्लंड’ हे नाव संविधानात येण्यालाही त्यांचा विरोध होता. तेव्हा डी व्हॅलेरांनी परराष्ट्र सचिव जोसेफ वॉल्श यांना एप्रिल १९३७ मध्ये रोमला पाठवलं. पोप पायस अकरावे यांचं उत्तर मुत्सद्देगिरीचा नमुना आहे: मी संमती देत नाही, असंमतीही देत नाही, आम्ही गप्प राहू. डी व्हॅलेरांना तेवढं पुरे होतं, कारण पोप गप्प म्हटल्यावर बिशपांनाही गप्प राहणं आलं.

याच कलमात पुढे इतर पंथांची नावं होती आणि त्यांत ज्यू समाजाचाही नावानिशी उल्लेख होता. जर्मनीत ज्यूंचं नागरिकत्व हिरावणारे कायदे दोनच वर्षांपूर्वी झाले होते. त्या काळात युरोपातल्या एका देशाने हे लिहिलं, याची नोंद घ्यायलाच हवी.

६. या ‘विशेष स्थाना’चा न्यायालयात कधी उपयोग झाला का?

फारसा नाही. जवळ येणारं एकच प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९५० चा टिल्सन खटला. प्रोटेस्टंट वडील आणि कॅथलिक आई. मुलांना कॅथलिक म्हणून वाढवू, असं वडिलांनी लग्नाआधी लिहून दिलेलं. पुढे त्यांनी तो शब्द मोडला. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी आईच्या बाजूने निकाल देताना कलम ४४ चाही आधार घेतला. सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम ठेवला, पण तो ‘विशेष स्थाना’वर उभा केला नाही, मुलांच्या शिक्षणावर आईवडिलांचा संयुक्त हक्क आहे, या कलम ४२ च्या तत्त्वावर उभा केला. आडवळणाने बघितलं तर ती कॅथलिक बाजूची जीत होती, पण थेट चर्चच्या दर्जामुळे मिळालेली नव्हती.

उलट बाजूने, कलम ४४ पुरेसं कॅथलिक नाही म्हणून ओरडणारेही होते. फादर डेनिस फेही यांच्या ‘मरिया दुचे’ या गटाने ‘एकमेव सत्य चर्च’ असा बदल करायची मोहीम चालवली. आर्चबिशप मॅक्वेड यांनीच पुढे त्या गटाला ते नाव वापरायला मनाई केली.

७. मग कॅथलिक शिकवण खरोखर रुजली ती कोणत्या कलमांत?

प्रास्ताविकेत ‘परमपवित्र त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या) नावाने’ अशी सुरुवात आहे. कलम ४१ मध्ये कुटुंब हा समाजाचा नैसर्गिक आणि मूलभूत घटक, त्याचे हक्क कायद्याच्याही आधीचे. त्याच कलमात घटस्फोटाचा कायदा करायला बंदी होती. कलम ४२ मध्ये मुलांचे पहिले शिक्षक आईवडील. राज्याचं स्थान त्यानंतरचं. कलम ४३ मध्ये खासगी मालमत्ता हा नैसर्गिक हक्क. कलम ४५ मध्ये सामाजिक धोरणाची मार्गदर्शक तत्त्वं, त्यांच्याबद्दल प्रश्न ९ मध्ये.

सहसा नजरेतून सुटतं ते सिनेट, म्हणजे वरिष्ठ सभागृह. त्याच्या ६० पैकी ४३ जागा पाच व्यवसायगटांतून भरल्या जातात: संस्कृती आणि शिक्षण, शेती, कामगार, उद्योग-व्यापार, प्रशासन. वर्गसंघर्षाऐवजी समाज व्यवसायांच्या मंडळांत बांधावा, हे पायस अकरावे यांच्या १९३१ च्या परिपत्रकातलं आवाहन इथे उतरलं. प्रत्यक्षात मतदार हे नगरसेवक आणि खासदारच असल्यामुळे पक्षांनी त्या जागा पहिल्यापासून आपसात वाटून घेतल्या. कल्पना कागदावरच राहिली.

८. स्त्रियांनी विरोध केला नाही का?

केला, आणि जोरात केला. कलम ४१.२ म्हणतं की स्त्री घरातल्या आपल्या जीवनातून राज्याला जो आधार देते त्यावाचून सर्वांचं हित साधणार नाही, म्हणून आर्थिक गरजेपोटी घरची कर्तव्यं सोडून मातांना कामाला जावं लागू नये यासाठी राज्य झटेल. ऐकायला सन्मान. पण लग्न झालं की शिक्षिकेने नोकरी सोडायची, हा नियम तेव्हा आधीच लागू होता. कारखान्यांत बायकांच्या कामावर बंधनं घालण्याचा अधिकार १९३६ च्या कायद्याने मंत्र्यांना दिला होता. या पार्श्वभूमीवर ते वाक्य काय सांगतंय हे स्त्रीहक्कांसाठी लढणाऱ्या हॅना शीही-स्केफिंग्टन, कामगार नेत्या लुई बेनेट आणि विद्यापीठ पदवीधर स्त्रियांच्या संघटनेने अचूक ओळखलं. १९२२ च्या संविधानातले ‘लिंगभेद न करता’ हे शब्द नव्या मसुद्यातून गायब होते. स्त्रियांच्या दबावामुळे ते नागरिकत्वाच्या आणि मताधिकाराच्या कलमांत परत आले. कलम ४१.२ मात्र तसंच राहिलं, आणि आजही आहे (प्रश्न १६).

९. भारताची मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडवरून घेतली म्हणजे ती मुळात कॅथलिक आहेत का?

वंशावळ तशी आहे, आशय बदललेला आहे. सामाजिक प्रश्नावरचं पोप लिओ तेरावे यांचं १८९१ चं परिपत्रक, त्यानंतर १९३१ चं, त्यातून आयर्लंडचं कलम ४५, आणि तिथून भारताच्या संविधानाचा भाग चार. संविधान सभेचे सल्लागार बेनेगल नरसिंग राव १९४७ च्या अखेरीस अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि आयर्लंडला जाऊन आले आणि डब्लिनमध्ये डी व्हॅलेरांना भेटले. संसदीय लोकशाहीच्या संविधानात अशी तत्त्वं असलेला दुसरा देश फक्त आयर्लंड, हे डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात सांगितलंच आहे. ही तत्त्वं न्यायालयातून बजावून घेता येणार नाहीत, ही अटही तिकडचीच.

खरी मजा दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचण्यात आहे. आयर्लंडचं वाक्य: ‘न्याय आणि परोपकार’ राष्ट्रजीवनाच्या सर्व संस्थांत भिनलेला असेल अशी समाजव्यवस्था. आपल्या कलम ३८ मध्ये वाक्याची चाल जवळपास तीच, पण परोपकार गेला आणि ‘सामाजिक, आर्थिक व राजकीय न्याय’ आला. आयर्लंड म्हणतं, नागरिकांना आपल्या ‘लिंगाला, वयाला किंवा ताकदीला’ न झेपणारं काम गरजेपोटी करावं लागू नये. आपल्या कलम ३९ मध्ये वय आणि ताकद उरली, लिंग वगळलं. आयर्लंडमध्ये भौतिक साधनसंपत्तीची मालकी ‘खासगी व्यक्ती आणि विविध वर्ग यांच्यात’ वाटली जावी असं आहे. आपण ते शब्द गाळले. छोट्या मालकांचा समाज हे कॅथलिक विचाराचं स्वप्न होतं, आपल्याकडे समाजवादी विचाराला जागा हवी होती. उसनं आणताना इतक्या बारकाईने निवडणाऱ्या मंडळींवर ‘नक्कल केली’ असा आरोप होतो, तेव्हा वाईट वाटतं.

प्रास्ताविकेतही फरक दिसतो. ‘ईश्वराच्या नावाने’ अशी सुरुवात करावी ही ह. वि. कामत यांची सूचना १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली.

१०. या शब्दांचा आज महाराष्ट्रात कुणाला फरक पडतो का?

मुंबईतल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींच्या मालकांना आणि भाडेकरूंना पडला. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात एक प्रकरण घालण्यात आलं: अशा इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांच्या सहकारी संस्थेने मागणी केली, तर मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन इमारत संपादित करता येईल. त्याला कलम ३९(ख) चा आधार होता. मालकांची संघटना न्यायालयात गेली आणि प्रश्न नऊ न्यायमूर्तींपर्यंत पोचला: ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ यात खासगी मालमत्ता येते का? ५ नोव्हेंबर २०२४ ला बहुमताने निकाल लागला की सगळीच खासगी मालमत्ता यात येत नाही, काही येऊ शकते. प्रश्न ९ मध्ये सांगितलेले गाळलेले शब्द मूळ वाक्यात राहिले असते, तर हा वाद कसा चालला असता याचा विचार करून बघा.

११. भारताच्या संविधान सभेत कॅथलिकांनी असंच संघटन केलं होतं का?

केलं, पण अल्पसंख्याकांसारखं. मंगळूरचे जेझुइट फादर जेरोम डिसूझा मद्रासमधून सभेवर आले होते. ख्रिस्ती प्रतिनिधींनी राखीव जागांचा आग्रह सोडला आणि जोर लावला तो धर्म मानण्याच्या, आचरण्याच्या आणि त्याचा ‘प्रसार’ करण्याच्या स्वातंत्र्यावर, तसंच अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थांवर. ख्रिस्ती समाजाने ‘प्रसार’ या शब्दावर सर्वांत जास्त भर दिल्याचं क. मा. मुन्शी यांनी ६ डिसेंबर १९४८ ला सभेत सांगितलं आणि तो राहू देण्याच्या बाजूने ते बोलले. आज तो कलम २५ मध्ये आहे. गोव्यातले कॅथलिक या चर्चेत नव्हते; गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगालकडे होतं.

१२. ‘विशेष स्थान’ काढलं तेव्हा चर्चने विरोध केला का?

नाही. १९६७ मध्ये सर्वपक्षीय समितीने ते काढायची शिफारस केली. १९६९ मध्ये कार्डिनल विल्यम कॉनवे यांनी सांगितलं की ते गेलं तर आपल्या डोळ्यांतून एक टिपूसही येणार नाही. चर्चमधल्या सुधारणांसाठी रोममध्ये भरलेल्या द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर चर्चचाच सूर बदलला होता आणि उत्तर आयर्लंड पेटलेलं होतं. ७ डिसेंबर १९७२ च्या सार्वमतात ८४ टक्के लोकांनी ते कलम काढायला कौल दिला. घटस्फोटबंदीला मात्र कुणी हात लावला नाही. मानाचा उल्लेख सोडणं चर्चला सोपं गेलं. कुटुंबाच्या कलमांवर त्याचं लक्ष होतं.

१३. गर्भपातबंदीची आठवी दुरुस्ती बिशपांनी आणली का?

सुरुवात बिशपांनी केली नाही. सामान्य कॅथलिक संघटनांनी केली. गर्भपात १८६१ च्या कायद्याने आधीच गुन्हा होता. पण १९७३ मध्ये दोन गोष्टी घडल्या: अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला, आणि आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅकगी खटल्यात दांपत्याच्या खासगीपणाचा हक्क मानून गर्भनिरोधक आयात करण्यावरची बंदी रद्द केली. उद्या आपलं न्यायालयही तिकडे वळेल, ही भीती धरून १९८१ मध्ये डॉक्टर, वकील आणि विविध कॅथलिक संस्थांनी मिळून ‘प्रो-लाइफ अमेंडमेंट कॅम्पेन’ उभारली.

त्यांनी साधलेली वेळ बघण्यासारखी आहे. जून १९८१ ते नोव्हेंबर १९८२ या दीड वर्षात तीन सार्वत्रिक निवडणुका झाल्या. संसदेत एकेका जागेवर सरकार टिकत होतं. मोहिमेने पहिल्या निवडणुकीआधीच गॅरेट फिट्झजेराल्ड आणि चार्ल्स हॉही या दोन्ही मोठ्या पक्षांच्या नेत्यांकडून दुरुस्तीचं आश्वासन घेतलं. महाधिवक्ता पीटर सदरलँड यांनी मसुदा संदिग्ध असल्याचा स्पष्ट इशारा दिला होता. पंतप्रधान फिट्झजेराल्ड यांनी दुसरा मसुदा आणला, तो पडला. मुख्य प्रोटेस्टंट चर्चेस या दुरुस्तीच्या विरोधात होती. ७ सप्टेंबर १९८३ ला ती ६७ टक्के मतांनी मंजूर झाली. अजात जीव आणि आई यांचा जगण्याचा हक्क समान, असं संविधानात लिहिलं गेलं.

सदरलँड यांची भीती १९९२ मध्ये खरी ठरली. बलात्कारातून गरोदर राहिलेल्या १४ वर्षांच्या मुलीला इंग्लंडला जायला मनाई करण्यात आली. आत्महत्येच्या धोक्यामुळे आईचा जीव धोक्यात येतो, तेव्हा गर्भपात कायदेशीर आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. बंदी पक्की करायला आणलेल्या शब्दांतूनच पहिला अपवाद निघाला.

१४. सविता हलप्पनवार यांच्या मृत्यूला संविधान जबाबदार होतं की डॉक्टरांचा हलगर्जीपणा?

दोन्ही, आणि एकातून दुसरं सुटं करता येत नाही. सविता ३१ वर्षांच्या, दंतवैद्य, बेळगावच्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये १७ आठवड्यांच्या गरोदर असताना गॉलवेच्या रुग्णालयात दाखल झाल्या. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट होतं. त्यांनी गर्भपाताची विनंती केली. गर्भाचे ठोके चालू होते, म्हणून ती नाकारली गेली. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबरला त्या गेल्या. हा कॅथलिक देश आहे, असं आपण त्यांना म्हणाल्याचं एका वरिष्ठ परिचारिकेने चौकशीत मान्य केलं.

चौकशी समितीला तपासण्यांत आणि देखरेखीत गंभीर चुका आढळल्या. ठोके थांबेपर्यंत हस्तक्षेप करायचा नाही यावर गरजेपेक्षा जास्त भर दिला गेला आणि त्यामागे कायद्याची अस्पष्टता होती, हेही समितीने नोंदवलं. ‘कायदा ठीक होता, डॉक्टर चुकले’ म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं: आईच्या जिवाला धोका नेमका किती टक्के झाला की हात लावायचा, हे ज्या डॉक्टरला तुरुंगाच्या भीतीखाली ठरवायचं आहे, तो वेळेवर निर्णय कसा घेणार? २०१३ मध्ये यावर कायदा झाला, पण आठवी दुरुस्ती तशीच राहिली.

१५. ती दुरुस्ती लिओ वराडकरांनी काढली ना?

काढली लोकांनी. वराडकर जून २०१७ मध्ये टीशख म्हणजे पंतप्रधान झाले. त्यांचे वडील डॉक्टर, मूळचे सिंधुदुर्गातल्या वराडचे. २०१९ च्या डिसेंबरात लिओ तिथे येऊनही गेले. सार्वमताच्या काळात ते पदावर होते आणि त्यांनी बदलाचा उघड प्रचार केला. पण पायाभरणी आधीची: ‘नागरिक सभे’त ९९ सामान्य नागरिक आणि अध्यक्षस्थानी न्यायमूर्ती मेरी लॅफॉय, अशा रचनेत महिनोन्महिने साक्षी ऐकून बदलाची शिफारस झाली. २५ मे २०१८ ला ६६.४ टक्क्यांनी ती मंजूर झाली. विरोधात कौल दिला तो फक्त डोनेगल मतदारसंघाने. सविता यांच्या आईवडिलांनी बेळगावहून बदलाच्या बाजूने आवाहन केलं होतं.

१६. मग चर्च सगळीच सार्वमतं हरत गेलं का?

नाही, ही सरळ रेघ नाही. १९८६ मध्ये घटस्फोट ६३ टक्क्यांनी नाकारला गेला. पहिल्या बायकोच्या शेतीघराचं काय होणार, ही भीती प्रचारात धर्माहून प्रभावी ठरली. १९८९ च्या कायद्याने विभक्त जोडप्यांच्या मालमत्तेचा प्रश्न बराच सोडवला आणि १९९५ मध्ये अवघ्या ९,११४ मतांनी घटस्फोट आला. मधल्या काळात पाद्र्यांकडून मुलांवर झालेल्या अत्याचारांची प्रकरणं बाहेर येऊ लागली आणि चर्चचा शब्द हलका झाला. २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला ६२ टक्के मिळाले.

याउलट ८ मार्च २०२४ ला, प्रश्न ८ मधलं ‘घरातल्या स्त्री’चं कलम बदलायचा प्रस्ताव जवळपास ७४ टक्क्यांनी पडला. अनेक वाचकांनी हा चर्चचा विजय समजला. तसं नाही. पर्यायी मजकूर फार मोघम होता. आजारी आणि अपंग माणसांची काळजी राज्याने घ्यावी अशी अपेक्षा असणाऱ्यांना तो जबाबदारी पुन्हा कुटुंबावर ढकलणारा वाटला. कलम नको असलेल्यांनीही विरोधात मत दिलं.

१७. आज त्या संविधानात कॅथलिक असं काय उरलं आहे?

त्रैक्याच्या नावाने होणारी सुरुवात, सार्वजनिक उपासना ईश्वराचा मान आहे हे कलम, राष्ट्रपतींची ईश्वरासमोरची शपथ, आणि कुटुंबाची मूळ व्याख्या. ईशनिंदेचा गुन्हा ऑक्टोबर २०१८ च्या सार्वमताने गेला.

सगळ्यात मोठा अवशेष शाळा. कलम ४२ प्रमाणे राज्य शिक्षण ‘मिळण्याची सोय’ करतं, स्वतः शाळा चालवेलच असं नाही. त्यामुळे सरकारी पैशावर चालणाऱ्या दहापैकी जवळपास नऊ प्राथमिक शाळा आजही कॅथलिक व्यवस्थापनाखाली आहेत. पुण्या-नाशिकहून डब्लिनला नोकरीला गेलेल्या पालकांचा हा नेहमीचा प्रश्न असतो, म्हणून नेमकं सांगतो. २०१८ च्या कायद्यानंतर जागा कमी असल्या तरी कॅथलिक प्राथमिक शाळा बाप्तिस्मा नाही म्हणून तुमच्या मुलाला मागे टाकू शकत नाही. अल्पसंख्य पंथांच्या शाळांना ठरावीक सवलत आहे. धर्मशिक्षणाच्या तासाला मूल न बसवण्याचा हक्क तर कलम ४४ मध्ये १९३७ पासून आहे. प्रवेश घेताना तो लेखी मागा, आणि त्या तासात मूल कुठे बसेल, त्याच्याकडे कोण बघेल, हेही तेव्हाच विचारून घ्या.